मोटारशर्यत कला

मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती आणि त्यांत भाग घेणारे चालक व स्वार यांना विषय करून निर्माण झालेली चित्रे, मुद्राचित्रे, भित्तिपत्रके, शिल्पे आणि भित्तिचित्रे यांना एकत्रितपणे मोटारशर्यत कला किंवा मोटारस्पोर्ट आर्ट असे म्हणतात. या कलेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये, पहिल्या मोटारशर्यतींच्या पाठोपाठ झाला. पुढे ब्रिटन, इटली, जर्मनी, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्राझील या देशांत तिच्या स्वतंत्र परंपरा निर्माण झाल्या.

या कलेपुढे प्रारंभापासून दोन अडचणी आहेत. चित्र किंवा शिल्प स्थिर असते, तर विषयाचे सारे महत्त्व वेगात असते, ही पहिली. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. ज्याचा गौरव करावयाचा तो माणूस यंत्राच्या आत किंवा यंत्रावर वाकून बसलेला असतो. त्याचा चेहरा आधी धुळीने व चष्म्याने आणि नंतर शिरस्त्राणाने झाकलेला असतो. घोडेस्वाराच्या पुतळ्यात स्वार हा घोड्याहून मोठा वाटावा अशी रचना शिल्पकारांनी अनेक शतके केली. मोटारीच्या बाबतीत अशी कोणतीही रूढी उपलब्ध नव्हती.

लव्हासोर स्मारक

शर्यतीच्या चालकाच्या सर्वांत जुन्या सार्वजनिक स्मारकांपैकी एक पॅरिसच्या पोर्त मायो भागात आहे. ते एमिल लव्हासोर या अभियंत्याचे आहे. जून १८९५ मध्ये झालेल्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस या सुमारे १,१७८ किलोमीटरच्या शर्यतीत लव्हासोर ४८ तास ४८ मिनिटांत परतला. जवळजवळ सर्व अंतर त्याने स्वतःच गाडी चालवली होती आणि त्याच्या मागून येणारी मोटार कित्येक तासांनी पोहोचली. तरीही पहिले पारितोषिक त्याला मिळाले नाही. नियमाप्रमाणे ते चार आसनांच्या मोटारीसाठी राखून ठेवलेले होते आणि लव्हासोरची पनार गाडी दोन आसनांची होती. पारितोषिक पॉल केश्लँ याच्या प्यूजो गाडीला देण्यात आले. पुढच्या वर्षीच्या पॅरिस–मार्सेय–पॅरिस शर्यतीत लव्हासोरला अपघात झाला आणि एप्रिल १८९७ मध्ये त्याचे निधन झाले.

स्मारकाचे काम त्या काळचा नामवंत शिल्पकार ज्यूल दालू याच्याकडे सोपवण्यात आले. दालू १९०२ मध्ये वारला. त्याच्या नमुन्यावरून कामीय लफेव्र याने काम पुरे केले आणि १९०७ मध्ये स्मारकाचे अनावरण झाले. संगमरवरी विजयकमानीतून लव्हासोरची मोटार समोरून बाहेर येत आहे आणि दोन्ही बाजूंना जयघोष करणारी गर्दी आहे, असे हे उच्च उठावाचे शिल्प आहे. दगडात कोरलेली मोटार अनेकांना विचित्र वाटली व आजही वाटते. पाषाणाचे जडत्व आणि यंत्राची धाव यांचा मेळ येथे बसलेला नाही, हा आक्षेप योग्यच आहे. मात्र रोमन सेनापतीसाठी योजिलेली कमान एका अभियंत्यासाठी वापरली गेली, आणि पारितोषिक नाकारल्या गेलेल्या माणसाला दगडात विजेतेपद मिळाले, या दोन गोष्टींमुळे या स्मारकाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे.

वेगाचे चित्रण

वेग दाखवण्याचा प्रश्न शिल्पापेक्षा मुद्राचित्रात लवकर सुटला. त्याचे श्रेय प्रामुख्याने एर्नेस्त मोंतो या फ्रेंच चित्रकाराला दिले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने शर्यतींची शेकडो चित्रे काढली. ही चित्रे पॅरिसमधून प्रसिद्ध होत. त्यांची बाह्यरेषा शिळाछापाने छापली जाई आणि नंतर प्रत्येक प्रतीवर स्टेन्सिलच्या साह्याने हाताने जलरंग भरला जाई. या पद्धतीला फ्रेंचमध्ये पोश्वार म्हणतात. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत रंगछटेचा थोडा फरक आढळतो. चित्राखाली शर्यतीचे नाव, मोटारीची जात आणि चालकाचे नाव छापलेले असे, आणि बऱ्याचदा टायरच्या किंवा अन्य सुट्या भागाच्या उत्पादकाचेही. जाहिरात आणि गौरव यांची सांगड या कलेत पहिल्यापासूनच अशी पडली.

मोंतोच्या मोटारी प्रत्यक्षात दिसतील तशा नसतात. पुढचा भाग वाजवीपेक्षा मोठा, मागचा निमुळता होत गेलेला, चाके गोल नसून पुढे झुकलेली लंबवर्तुळे, मागे धुळीचा लोट आणि हवेतून ओढलेल्या आडव्या वेगरेषा, ही त्याची परिभाषा होय. व्यंगचित्रांतून व चित्रकथांतून आज सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या या खुणा मोटारशर्यतीच्या चित्रांत त्याने रूढ केल्या. १९०९ मध्ये मोंतो अकाली वारला. त्याची पत्नी मार्गरित हीदेखील याच शैलीची चित्रकार होती. ‘मागी’ या लाडक्या नावाची अक्षरे उलटसुलट करून तयार केलेल्या ‘गामी’ या टोपणनावाने ती स्वाक्षरी करी. मोंतोच्या मृत्यूनंतरही तिची चित्रे प्रसिद्ध होत राहिली, त्यामुळे संग्राहकांना ‘मोंतो’ म्हणून ठाऊक असलेल्या परंपरेत तिचा वाटा मोठा आहे.

मोंतोने कल्पनेने वाकवलेली चाके काही वर्षांनी छायाचित्रात खरोखरीच वाकलेली दिसली. झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने ग्रांप्री शर्यतीत टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याचे वर्ष परंपरेने १९१२ सांगितले जाते. काही अभ्यासक ते १९१३ चे मानतात. त्यात मोटारीचे चाक पुढे कललेले आहे आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक व खांब मागे कललेले आहेत. याचे कारण कॅमेऱ्याच्या झडपेत आहे. त्या काळच्या पडदा-झडपेतील अरुंद फट काचेवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत असे, म्हणजे चित्राचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळ्या क्षणी उमटत. तेवढ्यात मोटार पुढे सरकलेली असे. लार्तीग कॅमेरा मोटारीच्या दिशेने फिरवत होता, पण मोटारीहून कमी वेगाने. म्हणून मोटार एका दिशेला आणि स्थिर वस्तू विरुद्ध दिशेला झुकल्या. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेल्यामुळे लार्तीगने हे छायाचित्र फसलेले मानले होते असे सांगतात. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर तो जगभर ओळखला जाऊ लागला.

याच काळात इटलीतील भविष्यवादी चळवळीने शर्यतीच्या मोटारीला सौंदर्यशास्त्रात स्थान दिले. फिलिप्पो तोम्माझो मारिनेत्ती याने फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकात प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात शर्यतीची मोटार ही लूव्र संग्रहालयातील सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या प्राचीन मूर्तीहून सुंदर असल्याचे प्रतिपादन केले. जाकोमो बाल्लाने वेगवान मोटारीवर अनेक चित्रे रंगवली; लुईजी रुस्सोलोच्या ‘मोटारीची गतिशीलता’ (१९१२–१३) या चित्रात लाल बाणाकृती लाटा मोटारीला वेढतात. भविष्यवाद्यांना वेग हे तत्त्व म्हणून हवे होते, एखाद्या चालकाचे चरित्र सांगण्यात त्यांना रस नव्हता. त्यामुळे कलेच्या इतिहासात सर्वाधिक मान मिळालेल्या या चित्रांत शर्यतपटू जवळजवळ अनुपस्थित आहे.

नियतकालिके व भित्तिपत्रके

चालकाला नाव व व्यक्तिमत्त्व देण्याचे काम नियतकालिकांच्या चित्रकारांनी केले. छायाचित्रण प्रगत झाल्यावरही दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘द ऑटोकार’सारख्या ब्रिटिश साप्ताहिकांना चित्रकारांची गरज भासत होती; पहाटेचे धुके, पाऊस किंवा रात्रीच्या शर्यतीतील दिव्यांचे झोत त्या काळच्या कॅमेऱ्यात नीट उतरत नसत. फ्रेडरिक गॉर्डन क्रॉस्बी (१८८५–१९४३) हा ‘द ऑटोकार’चा चित्रकार यांत विशेष नावाजला गेला. जॅग्वार मोटारीवरील झेप घेणाऱ्या जॅग्वारच्या मूर्तीची रचनाही त्याचीच आहे.

फ्रान्समध्ये झेओ हाम या नावाने काम करणाऱ्या झॉर्झ हामेल (१९००–१९७२) याने १९३० च्या दशकात मोनॅको ग्रांप्रीची भित्तिपत्रके रंगवली. त्याच्याआधी रोबेर फाल्कुची याने आणि १९६० च्या दशकापासून इंग्रज चित्रकार मायकेल टर्नर याने हे काम केले. भित्तिपत्रक शर्यतीआधी कित्येक आठवडे छापावे लागते, म्हणजे चित्रकाराला अजून न घडलेली शर्यत रंगवावी लागते. कोण पुढे असेल हे त्याला ठाऊक नसते. जुन्या भित्तिपत्रकांत ही अडचण राष्ट्रीय रंगांनी दूर केली : इटलीची मोटार लाल, फ्रान्सची निळी, ब्रिटनची हिरवी आणि जर्मनीची पांढरी, पुढे रुपेरी. त्यामुळे भित्तिपत्रकात देशांची चुरस दिसते आणि चालक बहुधा वाकलेल्या पाठीपुरता व टोपीपुरता उरतो.

अमेरिकेतील पीटर हेल्क (१८९३–१९८८) याने याउलट घडून गेलेल्या शर्यती रंगवल्या. १९०८ चा व्हँडरबिल्ट चषक जॉर्ज रॉबर्टसनने लोकोमोबिल गाडीतून जिंकला. या स्पर्धेतील अमेरिकन मोटारीचा तो पहिला विजय होता. ‘ओल्ड १६’ या नावाने प्रसिद्ध असलेली ती मोटार १९४१ मध्ये हेल्कने स्वतः विकत घेतली आणि अनेक दशके जपली. चित्रातील प्रत्येक खिळा व पट्टा तपासण्यासाठी विषयच घरी आणून ठेवणारा चित्रकार विरळाच.

चित्रकथांत झाँ ग्रातोंने १९५७ मध्ये ‘तँतँ’ साप्ताहिकातून सुरू केलेली ‘मिशेल व्हाय्याँ’ ही मालिका महत्त्वाची आहे. तिचा नायक काल्पनिक असला तरी त्याच्या शेजारी खरे चालक आणि खऱ्या धावपट्ट्या येतात.

शिरस्त्राणावरील चित्रे

पूर्वी चालक कापडी टोपी व चष्मा घालीत, त्यामुळे चेहऱ्याचा काही भाग तरी दिसे. १९५२ पासून फॉर्म्युला वनमध्ये शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९६८ मध्ये डॅन गर्नी याने फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण वापरले आणि थोड्याच वर्षांत ते सर्वांनी स्वीकारले. चेहरा नाहीसा झाल्यावर त्याची जागा शिरस्त्राणावरील रंगांनी घेतली. प्रेक्षकाला, आणि म्हणून चित्रकारालाही, चालक ओळखण्याची ती मुख्य खूण झाली.

आरंभीच्या खुणा साध्या व खासगी होत्या. ग्रॅहम हिलच्या गडद निळ्या शिरस्त्राणावरील पांढरे पट्टे हे तो ज्या लंडन रोइंग क्लबचा नावाडी होता त्या क्लबचे रंग होत. जॅकी स्ट्यूअर्टने आपल्या घराण्याच्या नावाच्या स्कॉटिश चौकड्यांचा पट्टा वापरला. ब्राझीलमध्ये सिद मोस्का या रंगकाराने एमर्सन फिटिपाल्डी, नेल्सन पिके आणि आयर्टन सेना यांची शिरस्त्राणे रंगवली. पिवळ्या पृष्ठभागावर हिरवा व निळा पट्टा ही सेनाची रचना ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांतून आली. आज सेनाचे चित्र काढताना चेहरा न काढता केवळ हे तीन रंग दिले तरी पुरतात.

मोटारसायकल शर्यतींत इटलीचा आल्दो द्रुदी हा या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध रचनाकार आहे. व्हॅलेंतिनो रॉस्सीसाठी त्याने सूर्य आणि चंद्र या चिन्हांभोवती अनेक रचना केल्या. २००८ च्या मुजेल्लो शर्यतीसाठी त्याने शिरस्त्राणाच्या माथ्यावर रॉस्सीचाच डोळे विस्फारलेला, घाबरलेला चेहरा रंगवला. स्वार पुढे वाकला की हा चेहरा समोरच्याला दिसे. झाकलेला चेहरा परत मिळवण्याचा याहून मिस्कील उपाय दुसऱ्या कोणाला सुचलेला दिसत नाही. पुढे चालक दर शर्यतीला नवे शिरस्त्राण घालू लागल्याने ओळख पटेनाशी झाली, म्हणून २०१५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हंगामात रचना बदलण्यावर निर्बंध आले. २०२० पासून ते उठवण्यात आले.

रंगवलेल्या मोटारी

मोटारीलाच चित्रफलक बनवण्याचा प्रयोग १९७५ मध्ये झाला. एर्वे पूलँ हा फ्रेंच लिलावकार हौशी शर्यतपटूही होता. त्याच्या सूचनेवरून अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डर याने बीएमडब्ल्यू कंपनीची मोटार रंगवली आणि ती ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली. फ्रँक स्टेला (१९७६), रॉय लिख्टेनस्टाइन (१९७७) व अँडी वॉरहॉल (१९७९) यांनी हा क्रम पुढे चालवला. वॉरहॉलने आपली मोटार स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली. ती त्या वर्षी ल माँमध्ये एकंदर सहावी आली. या मालिकेला कलासंग्रहालयांत मोठी प्रतिष्ठा मिळाली, परंतु चालकाच्या गौरवाशी तिचा संबंध दूरचा आहे.

चालकांची चित्रे काढणाऱ्या चित्रकारांना ही प्रतिष्ठा क्वचितच लाभली. त्यांची चित्रे बहुधा मर्यादित प्रतींच्या मुद्रणातून, क्रमांक घालून विकली जातात आणि अनेकदा त्यांवर चित्रकाराबरोबर चालकाचीही स्वाक्षरी असते. चित्राची किंमत कधीकधी दुसऱ्या स्वाक्षरीवरच अधिक ठरते. १९६८ नंतर फॉर्म्युला वनच्या मोटारींवर प्रायोजकांची नावे आल्यावर आणखी एक पेच निर्माण झाला. ती अक्षरे गाळली तर चित्र खोटे ठरते आणि काढली तर चित्रकार फुकटचा जाहिरातदार होतो. बहुतेकांनी अचूकतेच्या बाजूने निर्णय दिला. म्हणून त्या काळच्या अनेक उत्तम चित्रांत सिगारेट कंपन्यांची नावे ठळक वाचता येतात.

स्मारकशिल्पे

लव्हासोरनंतरच्या शिल्पकारांनी हळूहळू मोटार थांबवली आणि माणसाला तिच्याबाहेर काढले. पाच वेळा जगज्जेता ठरलेला अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ याचे होआकिम रोस साबाते या कातालान शिल्पकाराने केलेले ब्राँझशिल्प याचे उदाहरण होय. त्यात फान्जिओ आपल्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ मोटारीशेजारी उभा आहे. या शिल्पाच्या प्रती ब्वेनोस आइरेस, मोन्झा, न्यूरबुर्गरिंग आदी ठिकाणी उभारलेल्या आहेत.

मोनॅकोमध्ये सँत देव्होत वळणाजवळ विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सचे शिल्प आहे. १४ एप्रिल १९२९ रोजी झालेली पहिली मोनॅको ग्रांप्री त्याने हिरव्या बुगाती मोटारीतून जिंकली. शिल्पात तो आपल्या मोटारीत बसलेला आहे. तरुणपणी तो विल्यम ऑर्पेन या आयरिश चित्रकाराचा मोटारचालक होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने व्याप्त फ्रान्समध्ये ब्रिटिश गुप्त संघटनेसाठी काम केले, १९४३ मध्ये तो पकडला गेला आणि पुढे झाक्सनहाउझन छळछावणीत मारला गेला. शिल्पात मात्र तो केवळ शर्यतपटू आहे.

जिम क्लार्क (१९३६–१९६८) या शेतकरी कुटुंबातील स्कॉटिश जगज्जेत्याचा डेव्हिड ॲनँड याने केलेला पुतळा १९९७ मध्ये किलमनी या त्याच्या जन्मगावी बसवला गेला. क्लार्क होकेनहाइम येथे शर्यतीत मृत्यू पावला, परंतु पुतळ्यासाठी निवडलेली जागा खेड्यातील ओढ्याकाठची आहे आणि तेथे मोटार नाही.

इटलीतील इमोला धावपट्टीच्या तांबुरेल्लो वळणावर १ मे १९९४ रोजी आयर्टन सेनाला प्राणघातक अपघात झाला. वळणाच्या आतल्या बाजूच्या उद्यानात स्तेफानो पिएरोत्ती याने केलेले त्याचे ब्राँझशिल्प आहे. सेना बसलेला आहे, मान खाली आहे, हात सैल आहेत. विजयाची कोणतीही खूण येथे नाही. मागच्या कुंपणावर चाहते झेंडे, फुले व चिठ्ठ्या लावतात, आणि हा बदलत राहणारा भाग आता स्मारकाचाच झाला आहे. २०१९ मध्ये, मृत्यूला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, ब्राझीलचा भित्तिचित्रकार एदुआर्दो कोब्रा याने धावपट्टीलगतच्या संग्रहालयाच्या भिंतीवर सेनाचा प्रचंड चेहरा आपल्या ओळखीच्या रंगीत त्रिकोण-चौकोनांत रंगवला. एकाच परिसरात एका माणसाच्या या दोन प्रतिमा आहेत आणि त्यांचा सूर पूर्णपणे वेगळा आहे.

मोटारसायकलस्वाराचे शिल्प काही बाबतींत सोपे असते, कारण स्वाराचे शरीर उघड्यावर असते आणि त्यामुळे घोडेस्वाराच्या जुन्या रूढीचा उपयोग होतो. उत्तर आयर्लंडचा जोई डनलॉप याने आइल ऑफ मॅनवरील टीटी शर्यती २६ वेळा जिंकल्या. त्यांतल्या शेवटच्या तीन त्याने जून २००० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी जिंकल्या. त्यानंतर महिनाभरातच, २ जुलै रोजी एस्टोनियातील टॅलिन येथे शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. बॅलिमनी या त्याच्या गावी आणि आइल ऑफ मॅनवर स्नेफेल डोंगराजवळील ‘बंगलो’ या ठिकाणी अमांडा बार्टन हिने केलेली त्याची ब्राँझशिल्पे आहेत. बंगलो येथे डनलॉप होंडा मोटारसायकलवर बसून रस्त्याकडे पाहत आहे. हा रस्ता एरवी सार्वजनिक वाहतुकीचा असतो. शर्यतीच्या दिवसांत सुमारे ६०.७ किलोमीटरच्या फेरीतील प्रत्येक स्वार या पुतळ्यासमोरून जातो. २०२४ मध्ये त्याचा पुतण्या मायकेल डनलॉप याने २६ विजयांचा विक्रम मोडला, तोही याच रस्त्यावर.

इटलीचा मार्को सिमोन्चेल्ली २३ ऑक्टोबर २०११ रोजी मलेशियातील सेपांग येथे शर्यतीत मरण पावला. तो २४ वर्षांचा होता आणि त्याचा क्रमांक ५८ होता. कोरियानो या त्याच्या गावातील स्मारकात पुतळा नाही. आर्कान्जेलो सास्सोलिनो या शिल्पकाराने तेथे आकाशाकडे वळवलेली पोलादी धूरनळी उभारली आहे. ‘ओन्यी दोमेनिका’, म्हणजे ‘दर रविवारी’, असे या शिल्पाचे नाव आहे. मोटारसायकलच्या शर्यती रविवारी होतात; दर रविवारी या नळीतून ज्वाला निघते आणि ५८ सेकंद जळते.